टपालाचे वार आणि निबंधाचा घाट

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त सॅम्युएल जॉन्सनवर जो दीर्घ निबंध लिहिला त्याचे शीर्षक ‘डॉक्टर जॉन्सन’ असे आहे, आणि मराठी वाचकाच्या मनात हा लेखक तेव्हापासून ‘डॉक्टर’ म्हणूनच स्थिरावला आहे. वस्तुतः डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने ही पदवी त्याला दिली ती १७६५ मध्ये, त्याच्या वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. निबंधकार म्हणून त्याची कीर्ती ज्या लेखनावर उभी आहे ते सारे त्यापूर्वीचे आहे. ‘रॅम्बलर’ लिहिणाऱ्या माणसापाशी कोणतीच पदवी नव्हती. ऑक्सफर्डचे शिक्षण पैशाअभावी सुमारे तेरा महिन्यांतच सुटले होते, आणि लंडनमध्ये त्याची ओळख, ज्यांना ती होती त्यांच्यापुरती, मासिकांना मजकूर पुरवणारा एक इसम एवढीच होती.

या विसंगतीला चरित्रसाधनांचेही एक कारण आहे. जेम्स बॉस्वेल आणि जॉन्सन यांची पहिली भेट १६ मे १७६३ रोजी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी जॉन्सनला राजाकडून सालीना तीनशे पौंडांचा तनखा सुरू झाला होता. म्हणजे बॉस्वेलने प्रत्यक्ष पाहिला तो रोजच्या लेखनाच्या जोखडातून मोकळा झालेला, मित्रमंडळात रात्र रात्र बोलत बसणारा जॉन्सन. १७३७ ते १७६२ ही पंचवीस वर्षे बॉस्वेलला पत्रांतून, मित्रांच्या आठवणींतून आणि खुद्द जॉन्सनच्या उत्तरायुष्यातील संभाषणांतून जुळवावी लागली. त्यामुळे इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात बोलणारा जॉन्सन ठळक आणि लिहिणारा जॉन्सन पुसट असे चित्र तयार झाले. या पुसट राहिलेल्या लेखकाचा दिनक्रम जमेल तितका पुन्हा उभा केला, तर नियतकालिक निबंधाच्या घाटाविषयी अशा काही गोष्टी ध्यानात येतात, ज्या केवळ संहितेच्या विश्लेषणाने हाती लागत नाहीत. शैली म्हणजे लेखकाचे व्यक्तिमत्त्व, हे सूत्र मराठी समीक्षेने इतक्या दीर्घ काळ आणि इतक्या निःशंकपणे वापरले आहे, की शैली ही काही अंशी आठवड्याच्या वेळापत्रकाचीही निर्मिती असू शकते, ही शक्यता क्वचितच तपासली गेली.

मार्च १७३७ मध्ये जॉन्सन लिचफिल्डहून लंडनला निघाला तेव्हा सोबत त्याचा विद्यार्थी डेव्हिड गॅरिक होता, आणि दोघांत मिळून एकच घोडा असल्याची आठवण सांगितली जाते. त्याने काढलेली शाळा बुडाली होती. सामानात ‘आयरीन’ या शोकान्तिकेचे अपुरे हस्तलिखित होते. पुढे ती रंगभूमीवर आली, पण त्याला बारा वर्षे लागली. स्ट्रँडजवळच्या एक्झेटर स्ट्रीटवर, स्त्रियांच्या कंचुक्या शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरी त्याने बिऱ्हाड केले. न्यू स्ट्रीटवरील ‘पाइनॲपल’ खाणावळीत तो आठ पेन्समध्ये जेवत असे: सहा पेन्सचे मांस, एका पेनीचा पाव आणि एक पेनी वाढप्याला. इतर गिऱ्हाइके वाइन घेत, शिलिंगभर खर्च करीत, मात्र वाढप्याला काही देत नसत. त्यामुळे आपल्याला त्यांच्याहून चांगले वाढले जाई, असे जॉन्सन नंतर मोठ्या समाधानाने सांगे.

लंडनमध्ये तीस पौंडांत वर्ष कसे काढावे, याचा धडा त्याला एका आयरिश चित्रकाराने दिला होता. बॉस्वेलने नोंदविलेला हा हिशेब साहित्याच्या समाजशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. वर्षाचे दहा पौंड कपड्यांना. आठवड्याला अठरा पेन्स भाड्याचा पोटमाळा. सकाळी एका पेनीचे दूध-पाव, दुपारी सहा पेन्सचे जेवण, रात्रीचे जेवण नाही. तीन पेन्स खर्चून कॉफीगृहात रोज काही तास चांगल्या मंडळींत बसता येते. कोणी पत्ता विचारलाच तर अमुक ठिकाणी मी भेटतो असे सांगावे. आणि धुतलेला सदरा अंगात असेल त्या दिवशीच भेटीगाठींना बाहेर पडावे. या हिशेबात जेवणापेक्षा सदऱ्याची चिंता अधिक आहे. लेखकाचे घर अदृश्य राहावे आणि त्याचा दर्शनी भाग मात्र सभ्य दिसावा, अशी ही व्यवस्था होती. कॉफीगृह हे त्याचे कार्यालय, पत्ता आणि वाचनालय, तिन्ही. अठराव्या शतकातील इंग्रजी गद्याचे जे ‘सार्वजनिक’ स्वरूप वाखाणले जाते, त्यामागे खाजगी खोली दाखविण्याजोगी नसलेल्या लेखकांचाही काही वाटा असला पाहिजे.

या लेखकांना काम देणारे केंद्र क्लार्कनवेलमधील सेंट जॉन्स गेट येथे होते. एका जुन्या मठाच्या या वेशीवरच्या दालनांत एडवर्ड केव्ह याचा छापखाना होता, आणि तेथूनच जानेवारी १७३१ पासून तो ‘जंटलमन्स मॅगझिन’ काढीत असे. ‘मॅगझिन’ हा मूळचा अरबी शब्द, अर्थ कोठार. नियतकालिकासाठी तो रूढ केला केव्हनेच. आरंभी या मासिकात इतर पत्रांतील मजकुराचे सारच मुख्यत्वे असे, त्यामुळे कोठार हे नाव अगदी समर्पक होते. केव्हचा खप दहा हजारांचा होता असे जॉन्सन सांगे. तरी एखादा गिऱ्हाईक मासिक बंद करणार असे कानांवर आले, की केव्ह पुढच्या अंकात काहीतरी चांगले द्यायला हवे म्हणून अस्वस्थ होई. मासिकाच्या मालकाची ही एका वाचकामागची धास्ती लेखकाच्या मानेवर येऊन बसत असे, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. १७३८ मधील केव्हला लिहिलेल्या एका पत्राच्या शेवटी जॉन्सनने सहीलगत एक लॅटिन शब्द लिहिला आहे. त्याचा अर्थ ‘न जेवलेला’. मालकाला उद्देशून लिहिलेली इतकी सभ्य मागणी वाङ्मयाच्या इतिहासात दुसरी सापडणे कठीण.

केव्हने त्याला दिलेल्या कामांपैकी सर्वांत विलक्षण म्हणजे संसदेतील वादविवादांचे. एप्रिल १७३८ मध्ये कॉमन्स सभेने आपल्या चर्चा छापण्यास कडक मनाई केली. त्यावर तोडगा म्हणून केव्हने स्विफ्टच्या लिलिपुटचा आश्रय घेतला. ही ‘मॅग्ना लिलिपुटियाच्या सिनेटमधील’ भाषणे असल्याची बतावणी करायची, आणि वॉल्पोलसारख्या नावांची अक्षरे उलटीपालटी करायची. जॉन्सन प्रथम दुसऱ्याच्या मजकुरावर हात फिरवीत असे. १७४१ च्या मध्यापासून १७४४ च्या आरंभापर्यंत ही भाषणे तो एकटाच लिहीत होता. सभागृहाच्या सज्जात आपण एकदाच गेलो, असे त्याने नंतर सांगितले. कोण बोलले, कोणत्या क्रमाने, कोणत्या बाजूने, एवढी टिपणे बाहेरून येत. वक्तृत्व सगळे त्याचे. एका तासात मासिकाचे तीन रकाने तो भरी. पुढे कित्येक वर्षांनी एका मेजवानीत थोरल्या पिटच्या एका भाषणाची स्तुती चालली असता, ते आपण एक्झेटर स्ट्रीटच्या माळ्यावर बसून लिहिले, असे त्याने सांगून टाकले. ही आठवण गमतीची म्हणून सांगितली जाते. परंतु लोक ही भाषणे खरी मानतात असे ध्यानात आल्यावर त्याने हे काम सोडले, आणि अखेरपर्यंत त्याला त्याची टोचणी होती, हा त्याच गोष्टीचा दुसरा भाग आहे. जॉन्सनच्या गद्यातील दोन्ही बाजू समतोल मांडणारी, एका पारड्यात टाकले की लगेच दुसऱ्यात टाकणारी वाक्यरचना त्याच्या नैतिक दृष्टीतून आली असे मानण्याचा प्रघात आहे. महिन्याकाठी सरकारपक्ष आणि विरोधी पक्ष या दोघांच्याही तोंडी भाषणे घालण्याचा जवळजवळ तीन वर्षांचा सराव या संदर्भात विचारात घेतला जात नाही, हे आश्चर्य आहे.

या धंद्यातील अपयशी माणसांची दोन नावे इतिहासाला माहीत आहेत. सॅम्युएल बॉइस कपडे गहाण पडल्यावर पांघरुणाला भोक पाडून त्यातून हात बाहेर काढी आणि अंथरुणात बसून मासिकांसाठी पद्ये लिही. त्याचे कपडे सोडविण्यासाठी जॉन्सनने एकदा सहा सहा पेन्सची वर्गणी गोळा केली होती. दुसरा रिचर्ड सॅव्हेज. भाड्याला पैसे नसल्यामुळे जॉन्सन आणि तो सेंट जेम्स चौकाभोवती रात्रभर फेऱ्या घालीत. सॅव्हेज १७४३ मध्ये ब्रिस्टलच्या तुरुंगात मरण पावला. त्याचे चरित्र जॉन्सनने फेब्रुवारी १७४४ मध्ये प्रसिद्ध केले. छापील अठ्ठेचाळीस पाने एका बैठकीत लिहिल्याचे तो सांगे. केव्हने त्याला पंधरा गिनी दिल्या. याच चरित्राची वॉल्टर हार्ट नावाच्या विद्वानाने केव्हच्या घरी जेवताना तोंड भरून स्तुती केली, तेव्हा पडद्याआड एक ताट गेले होते. पडद्याआड जॉन्सन जेवत होता. त्याचे कपडे पाहुण्यांसमोर येण्याजोगे नव्हते. सॅव्हेजच्या चरित्रातील करुणा आणि कठोरता यांचे मिश्रण, म्हणजे मित्राच्या प्रत्येक दोषाची नोंद आणि त्याबरोबरच तशा अवस्थेतून गेल्यावाचून त्याचा निवाडा करण्याचा अधिकार कोणाला नाही ही जाणीव, हे पडद्याच्या या बाजूने लिहिलेले आहे. इंग्रजीतील साहित्यिक चरित्र हा प्रकार येथून प्रौढ होतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘रॅम्बलर’चा पहिला अंक २० मार्च १७५० रोजी निघाला, शेवटचा १४ मार्च १७५२ रोजी. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी. हे वार निबंधकाराने निवडले नव्हते. लंडनहून परगण्यांकडे टपाल मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सुटे, आणि परगण्यातील वाचक गाठायचा तर अंक त्याच दिवशी तयार हवा. किंमत दोन पेन्स, आकार दीड ताव, म्हणजे सहा पाने, लेखकाचे नाव नाही, मोबदला अंकाला दोन गिनी. दोन वर्षांत २०८ अंक निघाले, त्यांपैकी चारपाच वगळता सर्व एकट्या जॉन्सनचे. हिशेबाने ही रक्कम ४१६ गिनी होते, आणि आयरिश चित्रकाराच्या तीस पौंडांशी तुलना करता ती भरघोस दिसते. पण याच काळात गफ स्क्वेअरच्या घराच्या वरच्या मजल्यावर शब्दकोशाचे काम चालू होते. त्यासाठी ग्रंथविक्रेत्यांनी १७४६ मध्ये ठरविलेल्या १,५७५ पौंडांतूनच सहा लेखनिकांचा खर्च निघायचा होता, आणि काम संपण्याआधीच ती रक्कम संपत आली होती. ‘रॅम्बलर’चा रतीब कोशाच्या घराला लागत होता. अंकाचा खप मात्र पाचशेच्याही आतच राहिला. पत्नी एलिझाबेथ आजारी होती. पहिले काही अंक वाचून तिने नवऱ्याला सांगितले, की आपले त्याच्याविषयी आधीच चांगले मत होते, पण हे इतके चांगले लिहील अशी कल्पना नव्हती. शेवटचा अंक निघाल्यावर तीन दिवसांनी ती वारली.

यांतील बरेच अंक ऐन वेळी, पुन्हा वाचून न पाहता छपाईला गेले, असे बॉस्वेल सांगतो. छापखान्याचा पोऱ्या दारात उभा आणि मजकूर अजून लेखणीत, ही अवस्था गृहीत धरून निबंध वाचले की त्यांचा घाट निराळा दिसू लागतो. ‘स्पेक्टेटर’मध्ये (१७११–१२) लंडन शहर जितके दिसते तितके ‘रॅम्बलर’मध्ये दिसत नाही, अशी तक्रार समकालीनांपासून आजतागायत होत आली आहे. अ‍ॅडिसन आणि स्टील दोघे होते, त्यांना राजकीय आश्रय आणि नेमणुका होत्या, शहरभर फिरून चालीरीती टिपण्याची उसंत होती. जॉन्सन एकटा होता. सोमवारी आणि शुक्रवारी रात्री बाहेर जाऊन गोळा करून आणावे असे काही त्याला परवडत नव्हते. जे हाती होते ते स्मरणात साठलेले लॅटिन कवी, प्रवचनांचे गद्य आणि स्वतःच्या मनाची झाडाझडती. आशा, मत्सर, दिरंगाई, कीर्तीची हाव यांसारखे विषय उंबरठा न ओलांडता लिहिता येतात. ‘रॅम्बलर’ची अमूर्तता ही तत्त्वचिंतकाची आहे, तशीच ती वेळ नसलेल्या माणसाचीही आहे. दिरंगाईवरचा निबंध त्याने छापखान्याचा माणूस खोळंबलेला असताना लिहिला, अशी आख्यायिका आहे. ती खरी नसली तरी शोभणारी आहे.

कल्पित पत्रे ही या टंचाईतून निघालेली दुसरी वाट. काम शोधणारी मोलकरीण झोसिमा, फसवली जाऊन वेश्याव्यवसायात ढकलली गेलेली मिसेला, पोटमाळ्याच्या भाडेकरूंचा इतिहास सांगणारा गृहस्थ, हे सारे ‘वाचक’ जॉन्सनचेच. आवाज बदलला की थकवा थोडा कमी होतो, आणि सूत्ररूप विचारांना गोष्टीचा आधार मिळतो. मिसेलाच्या दोन पत्रांत वाक्ये आखूड होतात, विशेषणे गळतात. एवढे कौशल्य ज्याच्यापाशी होते त्याने ते क्वचितच वापरले, हा त्याच्या निबंधलेखनावरचा रास्त आक्षेप आहे.

मात्र घाईचे हे स्पष्टीकरण फार ताणणे योग्य नाही. त्या काळी लंडनमध्ये घाईने लिहिणारे पुष्कळ होते, आणि त्यांपैकी कोणाचेही गद्य जॉन्सनसारखे नाही. तीन तीन समांतर उपवाक्ये पेलणारी रचना घाईतून आपोआप जन्मत नाही. आधी साठवलेले काहीतरी घाईच्या दाबाखाली त्या साच्यात उतरते. विम्सट यांनी १९४८ च्या अभ्यासात ‘रॅम्बलर’मधील शास्त्रीय वळणाची शब्दकळा आणि कोशासाठी चाललेले वाचन यांचा संबंध दाखवून दिला आहे. दिवसा कोशाच्या चिठ्ठ्यांवर आलेला शब्द रात्री निबंधात शिरत होता. शिवाय पुस्तकरूपाच्या आवृत्त्यांसाठी जॉन्सनने याच निबंधांत अक्षरशः हजारो बदल केले. टपालाला दिलेला मजकूर आणि ग्रंथाला दिलेला मजकूर यांत तो भेद करीत होता, याचा हा पुरावा आहे.

या धंद्याची त्याला लाज होती काय? १७५५ च्या कोशात ‘ग्रब स्ट्रीट’ या नोंदीखाली त्याने किरकोळ इतिहास, कोश आणि प्रासंगिक कविता लिहिणाऱ्यांच्या वस्तीचा उल्लेख केला आहे. कोशकारांना त्या यादीत घालताना स्वतःला वगळलेले नाही. त्याआधी, ऑगस्ट १७५१ मध्ये, ‘रॅम्बलर’च्या १४५ व्या अंकात त्याने दिवसापुरते लिहिणाऱ्या या लेखकांची बाजू घेतली होती. शेतकरी आणि कारागीर यांच्याप्रमाणेच यांचेही काम समाजाला लागते आणि हिणवण्याऐवजी त्यांना नीट वागवावे, असा त्याचा रोख आहे. पैशासाठी नव्हे तर दुसऱ्या कशासाठी लिहिणारा मूर्ख, हे १७७६ मधील त्याचे उद्गार उद्धृत करणे सोपे आहे. परंतु ते तनखा मिळू लागल्यावर चौदा वर्षांनी, जवळजवळ लिहिणे सोडलेल्या माणसाचे उद्गार आहेत. त्यापेक्षा १४५ व्या अंकाचे मोल अधिक, कारण तो दोन गिनींसाठी लिहिलेला आहे. ‘पोटार्थी लेखन’ हा शब्द मराठी समीक्षेत निकालासारखा वापरला जातो. जॉन्सनने तो शब्द वर्णन म्हणून स्वीकारला असता, निकाल म्हणून नव्हे.

कोश निघाल्यानंतरही परिस्थिती पालटली नाही. मार्च १७५६ मध्ये पाच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जासाठी त्याला अटक झाली, आणि कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसनने सहा गिनी पाठवून त्याला सोडविले. १७५८ पासून तो एका साप्ताहिकात ‘आयडलर’ ही लेखमाला लिहू लागला. ऑक्सफर्डला गेला असता एका संध्याकाळी त्याने टपाल निघायला किती वेळ आहे असे विचारले. अर्धा तास, हे उत्तर मिळताच बसून निबंध पुरा केला. मित्र लँग्टनने तो वाचायला मागितला, तेव्हा जॉन्सनने नकार दिला. जे आपण स्वतः केले नाही ते त्याने का करावे, असे तो म्हणाला. जानेवारी १७५९ मध्ये लिचफिल्डला आई मृत्युशय्येवर होती. तिच्या औषधपाण्यासाठी आणि मग अंत्यविधीसाठी पैसा उभा करायचा म्हणून त्याने ‘रासेलस’ एका आठवड्याच्या संध्याकाळी लिहून, जसे लिहून होईल तसे छापखान्यात धाडले. त्याचे शंभर पौंड मिळाले, दुसऱ्या आवृत्तीचे आणखी पंचवीस.

हेच ‘रासेलस’ मराठीत आले ते चिपळूणकर पितापुत्रांच्या हातून. कृष्णशास्त्र्यांनी आरंभिलेले भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले आणि १८७३ मध्ये ते पुस्तकरूपाने निघाले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८७४ मध्ये, ‘निबंधमाला’ सुरू झाली. विष्णुशास्त्र्यांच्या गद्यावरील जॉन्सन, अ‍ॅडिसन आणि मेकॉले यांच्या संस्कारांची चर्चा विपुल झाली आहे. ती बहुधा वाक्यरचनेपाशी थांबते. वाक्य आले, त्या वाक्याला जन्म देणारी व्यवस्था आली नाही. ‘माला’ मासिक होती, वर्गणीदारांसाठी होती, आणि तिचा लेखक सरकारी हायस्कुलात पगारी शिक्षक होता. म्हणून मालेतील दीर्घ निबंध अंकामागून अंक चालत राहू शकतो. विषय संपेपर्यंत थांबण्याची घाई नाही. जॉन्सनला दर मंगळवारी सहा पानांत विषय उभा करून मिटवावा लागे, कारण दोन पेन्स देणारा गिऱ्हाईक शनिवारी परत येईलच याची शाश्वती नव्हती. इंग्रजी निबंधाचा आटोपशीरपणा आणि मराठी निबंधाचा विस्तार यांतील अंतर दोन प्रतिभांच्या भेदाने जितके समजते, तितकेच या दोन हिशेबांच्या भेदानेही समजते. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी ‘करमणूक’मधून वर्षानुवर्षे लांबत गेली, तिलाही हेच लागू पडावे: त्यांच्यापाशी आनंदाश्रमाची व्यवस्था होती, अंकागणिक दोन गिनी मोजणारा केव्ह नव्हता.

एवढे म्हटल्यावर हेही नमूद केले पाहिजे, की सात वर्षांत चौऱ्याऐंशी अंक जवळजवळ एकट्याने भरून काढणे ही काही फुरसतीची लेखनसाधना नव्हे. वेळापत्रकाचा जाच विष्णुशास्त्र्यांना ठाऊक होता. मात्र उपासमारीची धास्ती त्यात नव्हती, आणि तनखा घेण्याचा प्रश्न तर त्यांच्यासमोर कधी आलाच नाही. उलट त्यांनी पगारच सोडला. सरकारी नोकरीचा त्याग करून १८८० च्या प्रारंभी ते न्यू इंग्लिश स्कूलच्या उभारणीत पडले. वर्षभराने, ४ जानेवारी १८८१ रोजी, ‘केसरी’चा पहिला अंक निघाला, आणि ठरलेल्या वारी ठरलेला मजकूर पुरविण्याची पाळी त्यांच्यावरही आली. तो वार मंगळवार होता.